एडीएचडी आणि उच्च शिक्षण : आधाराची नवी चौकट

शालेय जीवनात चांगले गुण मिळविणारा विद्यार्थी महाविद्यालयात मागे पडू लागला, की त्याचे कारण बहुधा आळसात किंवा संगतीत शोधले जाते. काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र ते अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकारात, म्हणजेच एडीएचडीमध्ये असते. मेंदूच्या विकासाशी निगडित असलेला हा विकार बालपणी सुरू होतो आणि अनेकांमध्ये प्रौढ वयातही टिकून राहतो.

वयाबरोबर चुळबूळ कमी होते. परंतु विसरभोळेपणा, काम सुरू करण्यातील अडचण आणि वेळेचा अंदाज न येणे या समस्या राहतात. शाळेत रोजचा गृहपाठ, ठरलेले तास व पालकांची देखरेख ही उणीव भरून काढतात. महाविद्यालयात, विशेषतः वसतिगृहात, ही बाह्य चौकट एकाएकी नाहीशी होते. त्यामुळे अनेकदा मूळचा विकार याच वयात उघड होतो. या विकाराचे व्यवस्थापन म्हणजे मुख्यतः ती चौकट नव्याने उभारणे होय.

निदान व उपचार

एडीएचडीचे निदान रक्तचाचणीने होत नाही. २०१३ च्या अमेरिकी निदान-निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात आणि ती घर, शिक्षणसंस्था यांसारख्या किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात. चिंता, नैराश्य व अपुरी झोप यांमुळेही एकाग्रता ढळते. म्हणून मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक ठरते. मिथाइलफेनिडेट व ॲटोमॉक्सेटिन ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. औषध लक्ष टिकविण्यास मदत करते, नियोजन शिकवीत नाही. त्यासाठी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, मोठ्या कामाचे लहान टप्पे, लेखी वेळापत्रक, सोबतीने अभ्यास आणि नियमित झोप उपयुक्त ठरतात. विद्यार्थी सज्ञान झाल्यावर पालकांची भूमिकाही बदलते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क आहे.

कायदेशीर स्थिती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही. परिणामी, केवळ एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेतील सवलती बहुतांशी संस्थेच्या धोरणावर अवलंबून राहतात. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, ४० टक्के दिव्यांगत्वाचा निकष पूर्ण न करणाऱ्या दिव्यांग उमेदवारासही वाजवी सोयी नाकारता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. जुलै २०२५ मध्ये याच न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

मानवी भांडवलाचा प्रश्न

अर्थशास्त्रीय दृष्टीने हा गुंतवणुकीचा प्रश्न आहे. विद्यार्थ्याने शिक्षण अर्धवट सोडल्यास कुटुंबाचा व शासनाचा अनेक वर्षांचा खर्च पुरेसे फळ देत नाही. त्या तुलनेत शांत परीक्षाकक्ष, टप्प्याटप्प्याने स्वीकारले जाणारे प्रकल्प व समुपदेशकाची नियमित भेट यांचा खर्च अल्प असतो. बुद्धिमत्ता असूनही केवळ चौकटीअभावी विद्यार्थी गळणे, हे लोकसंख्याशास्त्रीय लाभांशाची अपेक्षा बाळगणाऱ्या देशाला परवडणारे नाही.