अमेरिकेची निवडणूक समजून घेताना : मताचे मूल्य आणि पैशाचे वजन

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्याकडच्या बातम्यांत प्रायमरी, स्विंग स्टेट, सुपर पॅक, डार्क मनी असे शब्द रोज येऊ लागतात. त्यांचा अर्थ मात्र क्वचितच कोणी समजावून सांगते. वाचकाला वाटते, तिकडच्या राजकारणाशी आपला काय संबंध?

संबंध आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराच्या कौन्सिलने जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. दोन्ही निर्णय निवडून आलेल्या माणसांनी घेतले. ही माणसे कशी निवडून येतात आणि त्यांच्या प्रचाराला पैसा कुठून येतो, हे समजल्याशिवाय असे निर्णय का होतात आणि का अडतात, हेही समजत नाही. आपल्या समाजातली अनेक मुले-मुली आज तिथे शिकत आहेत, नोकरी करत आहेत. त्यांच्यासाठी तर यातले काही नियम थेट कायद्याचे आहेत.

समजून घ्यायला एक कसोटी आपल्या हाताशी आहेच : एक व्यक्ती, एक मत आणि प्रत्येक मताला एकच मूल्य. बाबासाहेबांनी संविधान सभेत हे तत्त्व मांडले आणि सामाजिक-आर्थिक विषमता तशीच राहिली तर राजकीय समता धोक्यात येईल, असा इशाराही दिला. अमेरिकेतला प्रत्येक शब्द या कसोटीवर घासून पाहू.

मतदार कोण?

पहिला शब्द ‘व्होटर रजिस्ट्रेशन’, म्हणजे मतदार नोंदणी. अमेरिकेत निवडणुकांचे नियम मुख्यतः राज्ये ठरवतात. नोंदणीची मुदत, ओळखपत्राची अट, टपाली मतदान या सगळ्या बाबतीत राज्याराज्यांत फरक आहे. नॉर्थ डकोटा या एकाच राज्यात नोंदणीच लागत नाही.

नियम राज्यांच्या हाती असण्याची किंमत कृष्णवर्णीयांनी मोजली आहे. १८७० च्या १५ व्या घटनादुरुस्तीने वंश किंवा वर्णावरून मताधिकार नाकारायला बंदी केली. तरीही दक्षिणेकडच्या राज्यांनी ‘पोल टॅक्स’, म्हणजे मतदानासाठी भरायचा कर, आणि साक्षरता चाचणी अशा वाटा काढल्या. कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेच नव्हता, पण गाळले जात होते ते बहुतांशी काळेच. १९६४ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने संघीय निवडणुकांतला पोल टॅक्स गेला आणि १९६५ च्या ‘व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट’ने साक्षरता चाचण्यांना लगाम घातला. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची पूर्वपरवानगी घ्यावी, अशीही तरतूद त्यात होती. २०१३ मध्ये ‘शेल्बी काउंटी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोणत्या राज्यांना ही अट लागू होईल हे ठरवणारे सूत्रच रद्द केले. त्यामुळे पूर्वपरवानगी कागदावर उरली.

आणखी एक उदाहरण. २०१८ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी सुमारे ६५ टक्के मतांनी ठरवले की, गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेल्या बहुतेकांना मताधिकार परत मिळावा. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला की, दंड आणि न्यायालयीन शुल्क भरल्याशिवाय शिक्षा पूर्ण झाली असे मानायचे नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याचे मत अडकले. पोल टॅक्स संपला, पण गरिबाच्या मताला किंमत लावण्याची रीत संपली नाही.

उमेदवार कसा ठरतो?

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीही मतदान होते, त्याला ‘प्रायमरी’ म्हणतात. काही राज्यांत फक्त पक्षाकडे नोंद असलेल्यांनाच मत देता येते, ती ‘क्लोज्ड प्रायमरी’. कोणालाही देता येते ती ‘ओपन प्रायमरी’. ‘कॉकस’मध्ये पक्षाचे लोक ठरलेल्या वेळी एकत्र जमतात, चर्चा करतात आणि मग कल नोंदवतात. त्यासाठी संध्याकाळ मोकळी असावी लागते. रात्रपाळीचा कामगार किंवा लहान मुले असलेली आई तिथे कशी पोहोचणार, हा प्रश्न अनेकदा विचारला गेला आहे.

या मतदानातून उमेदवारांना ‘डेलिगेट’, म्हणजे प्रतिनिधी, मिळतात. हे प्रतिनिधी पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार अधिकृत करतात.

जास्त मते मिळूनही हार

राष्ट्राध्यक्षाची निवड थेट लोकांच्या एकूण मतांवर होत नाही. ती ‘इलेक्टोरल कॉलेज’ करते. त्यात ५३८ मते असतात आणि जिंकायला २७० लागतात. प्रत्येक राज्याला त्याच्या प्रतिनिधीगृहातल्या जागा आणि सिनेटच्या २ जागा यांच्या बेरजेइतकी मते मिळतात. राजधानी वॉशिंग्टनला ३ मिळतात. मेन आणि नेब्रास्का सोडली तर बाकी राज्यांत जो पुढे असेल त्याला राज्याची सगळी मते जातात.

परिणाम दोन. पहिला, मताचे मूल्य सारखे राहत नाही. वायोमिंगची लोकसंख्या सुमारे पावणेसहा लाख आणि इलेक्टोरल मते ३. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख आणि मते ५४. म्हणजे एका इलेक्टोरल मतामागे वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९० हजार माणसे, तर कॅलिफोर्नियात ७ लाख ३० हजारांच्या आसपास. दुसरा, २००० मध्ये अल गोर आणि २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त मते मिळूनही ते हरले. २००० चा निकाल फ्लोरिडातल्या अधिकृत ५३७ मतांच्या फरकावर लागला.

म्हणूनच ‘स्विंग स्टेट’ हा शब्द महत्त्वाचा. जिथे पारडे कुठेही झुकू शकते अशी पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिनसारखी राज्ये. उमेदवारांच्या सभा, जाहिराती आणि पैसा तिथेच ओतला जातो.

‘मिडटर्म’ म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मध्यावर होणारी निवडणूक. तेव्हा प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ आणि सिनेटच्या १०० पैकी सुमारे एक तृतीयांश जागांसाठी मतदान होते. २०२६ हे असेच मिडटर्मचे वर्ष.

नकाशा कोण काढतो?

‘गेरीमँडरिंग’ म्हणजे आपल्या पक्षाला सोयीचे होतील असे मतदारसंघ आखणे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात आखलेला एक मतदारसंघ सॅलॅमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसत होता. त्यावरून हा शब्द पडला. पद्धती दोन आहेत. एखाद्या समूहाची वस्ती अनेक मतदारसंघांत तोडून टाकायची, म्हणजे तो कुठेच बहुमतात येत नाही. किंवा त्या समूहाला एकाच मतदारसंघात कोंबायचे, म्हणजे तिथे तो प्रचंड मतांनी जिंकतो आणि बाकी सगळीकडे त्याचा प्रभाव शून्य होतो. दोन्हींत मत नाकारले जात नाही, फक्त निरुपयोगी केले जाते.

१९६० च्या दशकात अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने मतदारसंघांची लोकसंख्या समान असली पाहिजे असे ठरवले. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, पक्षाच्या फायद्यासाठी केलेल्या आखणीचे वाद संघीय न्यायालये सोडवू शकत नाहीत.

पैशाची भाषा

आता सर्वांत गुंतागुंतीचा भाग. १९०७ पासून कंपन्यांना संघीय उमेदवारांना थेट देणगी द्यायला बंदी आहे. वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ मध्ये देणग्यांवर मर्यादा आल्या आणि ‘फेडरल इलेक्शन कमिशन’ ही संस्था उभी राहिली. तिच्यावर ६ सदस्य असतात, एका पक्षाचे ३ पेक्षा जास्त असू शकत नाहीत आणि निर्णयाला ४ मते लागतात. साहजिकच महत्त्वाच्या प्रकरणांत ती अनेकदा ३-३ अशी अडकली आहे. आपल्या निवडणूक आयोगाप्रमाणे ती निवडणूक घेत नाही, फक्त प्रचाराच्या पैशावर देखरेख ठेवते.

‘हार्ड मनी’ म्हणजे उमेदवाराला किंवा पक्षाला थेट दिलेला, मर्यादेत बसणारा आणि नोंदवलेला पैसा. २०२५-२६ साठी एका व्यक्तीला एका संघीय उमेदवाराला दर निवडणुकीसाठी ३,५०० डॉलर देता येतात. प्रायमरी आणि अंतिम निवडणूक वेगळ्या धरल्या जातात. एकूण देणगी २०० डॉलरच्या पुढे गेली की देणगीदाराचे नाव, पत्ता, नोकरी-व्यवसाय जाहीर होतो. ही माहिती कोणालाही आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

‘पॅक’ म्हणजे पॉलिटिकल अ‍ॅक्शन कमिटी. कंपनीचे अधिकारी, कामगार संघटनेचे सदस्य किंवा एका विचाराचे लोक पैसे एकत्र करून उमेदवारांना देतात. त्यालाही मर्यादा आहेत.

मग कोट्यवधी डॉलर येतात कुठून? त्याचे मूळ १९७६ च्या ‘बकली विरुद्ध व्हॅलेओ’ निकालात आहे. देणगीवर मर्यादा घालता येईल, पण खर्चावर नाही, कारण प्रचारावर खर्च करणे हा अभिव्यक्तीचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने कंपन्या आणि संघटनांनाही उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तितका खर्च करण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालातून ‘सुपर पॅक’ जन्माला आले. सुपर पॅक कितीही देणगी घेऊ शकते, कितीही खर्च करू शकते. अट एवढीच की, पैसा उमेदवाराला द्यायचा नाही आणि खर्च त्याच्याशी संगनमत करून करायचा नाही. प्रत्यक्षात अनेक सुपर पॅक उमेदवाराचेच जुने सहकारी चालवतात. २०२४ मध्ये इलॉन मस्क या एका माणसाने २५ कोटी डॉलरहून अधिक पैसा प्रचारात घातला, तोही प्रामुख्याने याच मार्गाने.

सुपर पॅकला देणगीदार जाहीर करावे लागतात. ‘डार्क मनी’मध्ये तेही नाही. ‘५०१ सी ४’ या वर्गातल्या समाजकल्याणकारी म्हणवणाऱ्या संस्थांना, राजकारण हा मुख्य हेतू नसेल तर, प्रचारावर खर्च करता येतो आणि त्यांचे देणगीदार सहसा लोकांसमोर येत नाहीत. अशी संस्था सुपर पॅकला पैसे देते तेव्हा यादीत संस्थेचे नाव दिसते, खरा देणारा दिसत नाही.

पैसा असला की विजय पक्का, असेही नाही. मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० च्या प्रायमरीत स्वतःचे सुमारे १०० कोटी डॉलर खर्च केले आणि जिंकली ती एकच लढत, अमेरिकन सामोआ या छोट्या बेटांची. पण पैशाचा खरा परिणाम निकालाआधी होतो. कोण उभा राहू शकतो, कोणता प्रश्न चर्चेत येतो आणि निवडून आल्यावर कोणाचा फोन उचलला जातो, हे पैसा ठरवतो.

आपल्या लोकांनी काय लक्षात ठेवावे?

पहिले, जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि ग्रीन कार्डधारकही नाही, त्याला तिथल्या कोणत्याही निवडणुकीत देणगी देता येत नाही. विद्यार्थी व्हिसा आणि एच-१बी व्हिसावर असलेले सगळे यात आले. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करता येते, पण प्रचाराच्या निर्णयांत भाग घेता येत नाही. ग्रीन कार्डधारकाला देणगी देता येते, मात्र संघीय निवडणुकीत मत देता येत नाही. दिल्यास तो गुन्हा ठरतो आणि देशाबाहेर काढले जाण्याचा धोका असतो.

दुसरे, दुसऱ्याच्या नावावर देणगी देणे हा गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले लेखक दिनेश डिसूझा यांनी इतरांच्या नावे देणग्या दिल्याबद्दल २०१४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. सगळ्यांच्या वाट्याला अशी माफी येत नाही.

तिसरे, विहार किंवा आंबेडकरी संस्था ‘५०१ सी ३’ म्हणून नोंदलेली असेल, तर १९५४ पासूनच्या कायद्यानुसार तिला उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही. प्रार्थनास्थळात आपल्याच अनुयायांशी बोलण्याबाबत करखात्याने २०२५ मध्ये न्यायालयात सौम्य भूमिका घेतली, पण कायद्याचे शब्द तेच आहेत. निःपक्ष मतदार नोंदणी, जनजागृती आणि मर्यादेत राहून कायद्याच्या मसुद्याबाबत लोकप्रतिनिधींना भेटणे हे मात्र करता येते.

शेवटी पुन्हा सिएटलकडे येऊ. २०१५ मध्ये तिथल्या मतदारांनी ‘डेमॉक्रसी व्हाउचर’ योजना मंजूर केली. पात्र रहिवाशाला २५ डॉलरची ४ कुपने मिळतात आणि ती शहराच्या निवडणुकीतल्या, योजनेत सहभागी असलेल्या आपल्या पसंतीच्या उमेदवाराला देता येतात. पैसा मालमत्ता करातून येतो. ग्रीन कार्डधारकालाही कुपने मिळू शकतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या सफाई कामगाराकडेही शंभर डॉलरची कुपने असतात, त्यामुळे उमेदवाराला त्याच्या दारापर्यंत यावे लागते. मोठ्या पैशाला हे पुरे पडणार नाही. पण मताचे मूल्य समान करायचे तर पैशाच्या विषमतेलाही हात घालावा लागतो, एवढे या शहराने ओळखले. तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांनी नागरिकत्व मिळाल्यावर पहिली नोंद मतदार यादीत करावी आणि पहिला प्रश्न उमेदवाराला विचारावा : तुमच्या प्रचाराचा पैसा कोणाचा?