नाकारलेल्या लाभाची दाद

बंगळूरच्या जुन्या शहरातील चिकपेट ही रेशमी वस्त्रांची आणि सोन्याचांदीची नावाजलेली बाजारपेठ होय. येथील एखाद्या मोठ्या दुकानात नोकरीस असलेला मनुष्य मालाचा गठ्ठा घेऊन जिन्यावरून पडला व त्याचा उजवा हात कायमचा अधू झाला, अशी कल्पना करावी. त्याचा विमा उतरविलेला आहे. परंतु ‘ही इजा कामामुळे झालेली नाही’, असे कळवून त्याचा अर्ज फेटाळला जातो. अशा माणसाने दाद कोठे मागावी?

या प्रश्नाचा विचार १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने केला होता. कामावरील अपघाताने आलेल्या अपंगत्वाबद्दल मिळणारी रक्कम हे दान नव्हे. वर्गणीच्या आधारे उभा राहिलेला तो हक्क आहे. कायम अपंगत्व आल्यास कमाईची शक्ती किती टक्के घटली, हे वैद्यकीय मंडळ ठरवी, आणि त्या प्रमाणात लाभ आजन्म मिळे. मंडळाचा निर्णय मान्य नसल्यास वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे वा कर्मचारी विमा न्यायालयाकडे जाता येई. त्यापुढे उच्च न्यायालय होते. मात्र तेथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील चाले. हात किती अधू झाला याची मोजदाद तेथे नव्याने होत नसे.

न्यायालयात वाद बहुधा दोन शब्दांभोवती फिरतो. अपघात कामाच्या ओघात घडला काय, आणि तो कामातून उद्भवला काय? पहिली गोष्ट सिद्ध झाली की, विरुद्ध पुरावा नसल्यास, दुसरी गृहीत धरावी, अशी तरतूद कायद्यात होती. जखमी माणसावरील पुराव्याचा भार तिने पुष्कळच हलका केला.

तरीही शब्दांच्या मर्यादेचा फटका बसतोच. एक कामगार सायकलवरून कारखान्याकडे निघाला होता. पाळी साडेचारची, सव्वाचार वाजता, कारखाना सुमारे एक किलोमीटर असताना, त्यास लॉरीची धडक बसली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कामावर जाण्याचा रस्ता म्हणजे काम नव्हे, असा निर्णय १९९६ साली झाला आणि लाभ नाकारला गेला. न्यायालय कायद्याचा अर्थ लावते, नवा कायदा करीत नाही. ती उणीव संसदेने २०१० साली भरून काढली. वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर घर व कामाची जागा यांमधील प्रवासातला अपघातही कामातलाच समजावा, असे नवे कलम आले.

पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुन्या कायद्याची जागा घेण्याची योजना केली. परंतु कर्मचारी विमा न्यायालयाची रचना तिने टाकून दिली नाही.

मात्र न्यायालय कागदावर चालते. अपघाताची नोंद त्याच दिवशी व्हावी, वैद्याचा दाखला जपून ठेवावा, नकार लेखी मागावा आणि मुदत चुकवू नये. जुन्या कायद्यात ती तीन वर्षांची होती. हात गमावलेल्या माणसाजवळ कागदही नसला, तर न्याय्य हक्कही त्याच्या हातून निसटतो.