पोरांचे पोस्त आणि दुकानाची बरकत

व्यापाऱ्याच्या उंबऱ्यावर वर्षभर कोणी ना कोणी हात पुढे करून उभे असते. त्यात गिऱ्हाईक असते, फकीर असतो, वसुलीवाला असतो आणि सणावाराला मोहल्ल्यातील पोरेही असतात. या पोरांना काय द्यावे आणि त्यांच्या मागून पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्या मोठ्यांशी कसे वागावे, हा प्रश्न दिसायला लहान आहे. पण शिराळ्यासारख्या तालुक्याच्या गावात धंदा करणाऱ्या आम्हां लोकांना तो दर सणाला भेटतो.

अलीकडे पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांत ३१ ऑक्टोबरला मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार चॉकलेट मागतात. या अमेरिकन सणाला हॅलोवीन म्हणतात. 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' अशी त्यातली गमतीची धमकी असते. पुष्कळांना हे नवे वाटते. आम्हांला मात्र आपला शिमगा आठवतो. फाल्गुन पौर्णिमेच्या आधी पोरे घरोघर गोवऱ्या आणि लाकडे मागत. जो देत नसे, त्याच्या परड्यातल्या गोवऱ्या रात्रीतून होळीत जात आणि वर त्याच्या नावाने बोंब ठोकली जाई. मग सोंगे निघत, दुकानापुढे नाच होई आणि पोस्त मागितले जाई. दुकानदार गल्ल्यातून चार आणे, आठ आणे काढून देई. हसत देणाऱ्याचे नाव गल्लीभर होई आणि कुरकुरणाऱ्याचेही होई.

अशी देवघेव आमच्याकडे एकाच सणाची नाही. संक्रांतीला पोरे तिळगूळ घेऊन येतात, दसऱ्याला आपट्याची पाने देऊन मोठ्यांच्या पाया पडतात. ईदला आमची मुले घरोघर सलाम करून ईदी घेतात. शीरखुर्म्याचे भांडे शेजारी जाते, दिवाळीला फराळाचे ताट येते आणि आलेले ताट रिकामे परत पाठवायचे नाही, हे दोन्ही घरांना ठाऊक असते.

शिराळ्याची नागपंचमी तर मुलखात प्रसिद्ध. पूर्वी जिवंत नाग दारोदार आणले जात आणि बायाबापड्या उंबऱ्यावरच त्यांची पूजा करीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या आदेशानंतर ही जुनी फेरी थांबली. तरीही पंचमी थांबली नाही. कुंभाराचा मातीचा नाग घरात येतो, लेकी माहेरी येतात आणि त्यांच्याबरोबर मणेराच्या बांगड्या व आमचे लुगडे-पातळ खपते. रीत बदलली तरी येणेजाणे टिकले, तर बाजारही टिकतो.

आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या लोकांनी तिथली एक रीत पाहिली असेल. रमजानच्या मध्यावर कुवेत, बहरीन, कतार या देशांत मुले नवे कपडे घालून, गळ्यात कापडी पिशवी अडकवून दारोदार सुकामेवा आणि मिठाई गोळा करतात. कुवेतमध्ये तिला गरगियान म्हणतात, तर कतारमध्ये गरंगाओ. त्या दिवसांत तिथे मेवा, कपडे आणि पिशव्यांचा बाजार भरतो. अमेरिकेत २०२३ साली हॅलोवीनवरील खर्चाचा अंदाज तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने १२.२ अब्ज डॉलर दिला होता. पोरांच्या हातावरचा खाऊ हा केवढा मोठा धंदा आहे, हे यावरून दिसेल. आपल्या शिलाईवाल्यांनी कटपिसांच्या रंगीत पिशव्या ईदीसाठी, तिळगुळासाठी शिवल्या तर गिऱ्हाईक मिळेल, असे आम्हांला वाटते.

पण खरा फायदा पिशवीत नाही, ओळखीत आहे. ज्या पोराला आज दोन-पाच रुपये हसून दिले, ते वीस वर्षांनी लग्नाचा बस्ता बांधायला आपल्याच पायरीवर येते. मोबाईलवर कापड मागविण्याच्या या दिवसांत छोट्या दुकानदाराजवळ दुसरे भांडवल कोणते? त्यात कोणाचे पोर, कोणत्या आळीचे, हे पाहू नये. पाहिले की पोर घरी जाऊन सांगते आणि घर ते विसरत नाही.

पोस्त वेगळे आणि वर्गणी वेगळी, हे मात्र ध्यानात ठेवावे. पोस्त पोर मागते आणि देणारा खुशीने देतो. दहा तरुण पावतीपुस्तक घेऊन दुकानात शिरतात आणि आकडा स्वतःच लिहितात, तेव्हा खुशी संपते. ते कोणत्याही धर्माच्या मंडळाचे असोत, आमचे म्हणणे एकच राहील. सार्वजनिक उत्सवासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाने नोंदणीकृत न्यास नसल्यास धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालील परवानगी घ्यायची असते. तिची प्रत अदबीने मागावी, जमेल तेवढी रक्कम द्यावी, पावती जपून ठेवावी. धाक घालून पैसे काढणे ही खंडणी आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ प्रमाणे तो गुन्हा आहे. अशा वेळी एकट्याने भांडू नये. बाजारपेठेतील सर्व दुकानदारांनी मिळून आकडा ठरवावा आणि मिळूनच बोलावे.

व्यापारी बंधूंनो, सणाच्या आदल्या दिवशी गल्ल्यात सुटे पैसे आणि बरणीत गोळ्या भरून ठेवा. पोरे आली की हातातली गजपट्टी खाली ठेवून आधी त्यांना द्या. गिऱ्हाईक तेवढा वेळ थांबते.