धूर, तिकीट आणि कायद्याची सीईटी

सातारा-सांगलीच्या बसमधून पुण्यात स्वारगेटला उतरायचं आणि पेठांमधल्या एखाद्या अभ्यासिकेत जागा धरायची, हा शिरस्ता स्पर्धा परीक्षावाल्यांचाच नाही. लॉ सीईटीवालेही त्यात असतात. राज्य सीईटी कक्षाच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या परीक्षेत आता १२० प्रश्न आणि दोन तास असतात. त्यातले ३२ प्रश्न तर्काचे. गैरसमजांचं पीक सगळ्यात जास्त याच बत्तिसांवर येतं.

‘गणित कच्चं, म्हणजे तर्क बुडालाच’ हा त्यातला पहिला. गणिताचा विभाग वेगळा आहे, जेमतेम ८ प्रश्नांचा. विधानं-निष्कर्ष किंवा बैठकव्यवस्था सोडवायला पाढे लागत नाहीत. जे लिहिलंय तेवढंच वाचण्याची शिस्त लागते आणि ती पाढ्यांपेक्षा अवघड आहे.

किती अवघड, ते दुसऱ्या गैरसमजातून कळतं : ‘निष्कर्ष खरा असेल तर उत्तर बरोबर.’ हे पाहा. सर्व शिवनेरी बस वातानुकूलित असतात. स्वारगेटहून सुटणाऱ्या काही बस वातानुकूलित आहेत. म्हणून स्वारगेटहून सुटणाऱ्या काही बस शिवनेरी आहेत. पुणेकर लगेच मान डोलावतो, कारण मुंबईची शिवनेरी त्याने तिथेच पकडलेली असते. पण दिलेल्या दोन विधानांतून हा निष्कर्ष निघतच नाही. त्या वातानुकूलित बस सगळ्याच्या सगळ्या ‘शिवाई’ या दुसऱ्या प्रकारच्या असू शकतात. निष्कर्ष खरा, तरी अनुमान चूक. स्वारगेट कधी न पाहिलेला विद्यार्थी इथे पुणेकराच्या पुढे जातो.

सगळ्यात चिवट गैरसमज ‘जर-तर’चा. ‘जर अ तर ब’ वाचलं की आपण नकळत ‘जर ब तर अ’ही मंजूर करून टाकतो. ही खोड आजची नाही. जिथे धूर तिथे अग्नी, हे न्यायशास्त्राचं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राचं, ठरलेलं उदाहरण. पण जिथे अग्नी तिथे धूर म्हणाल तर नैयायिक तापून लाल झालेला लोखंडी गोळा पुढे करतात. अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं सरपणही लागतं. ती अट कोणी सांगितलीच नव्हती, आपण ती मनातच धरून चाललो होतो.

पुढे कायदा शिकताना हेच पुन्हा भेटतं. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रत्येक करार हा आधी एक ठराव असतो, पण प्रत्येक ठराव करार होत नाही. त्याची कायद्याने अंमलबजावणी करता आली पाहिजे. पहिल्याच वर्षी पाठ होणारं हे वाक्य म्हणजे धूर-अग्नीच.

‘हे जन्मजात डोकं असलेल्यांचं काम’ असं म्हणणाऱ्यांसाठी पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचा १९६६चा प्रयोग. टेबलावर चार पत्ते : अ, क, ४, ७. प्रत्येकावर एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम तपासायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक लोक ‘अ’ आणि ‘४’ उलटतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’. चारच्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो.

आता तेच कोडं एसटीत आणू. अमृत ज्येष्ठ नागरिक सवलतीचं तिकीट असेल तर वय ७५ पूर्ण हवं. चार प्रवासी आहेत : एकाकडे सवलतीचं तिकीट, एकाकडे पूर्ण तिकीट, एक ऐंशीचे आजोबा, एक साठीचे काका. वाहक सवलतवाल्याचं वय बघेल आणि काकांचं तिकीट. आजोबांनी पूर्ण पैसे भरले असले तरी त्याला काय! काका म्हणजे ‘७’ चाच पत्ता, पण इथे कोणी अडखळत नाही. परदेशात मद्यपानाच्या वयाचा नियम घेऊन असाच प्रयोग झाला, तेव्हा बहुतेकांचं उत्तर बरोबर आलं. तेव्हा अमूर्त ‘जर-तर’ आला की ‘नियम कोण मोडू शकेल?’ एवढंच विचारावं. वकिलाचा प्रश्न तोच असतो.

बैठकव्यवस्थेत ‘पहिल्या सूचनेपासून क्रमाने मांडत जा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. समजा पाच फलाटांवर पाच बस आहेत : सातारा, कोल्हापूर, सांगली, महाड, बारामती. सूचना अशा : साताऱ्याच्या लगेच पुढच्या क्रमांकावर कोल्हापूर, कोल्हापूर टोकाला नाही, महाड टोकाला, बारामती तिसऱ्यावर. पहिलीपासून सुरुवात केली तर चार शक्यता कागदावर येतात. शेवटची, पक्की सूचना आधी ठेवा. सातारा-कोल्हापूर ही जोडी १-२ वर किंवा ४-५ वर. पाचवा फलाट टोकाचा, म्हणून १-२. उरलेलं टोक महाडचं. चौथ्यावर सांगली, जिच्याबद्दल एकही सूचना नव्हती.

राहिलं अंदाजाचं. राज्याच्या सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध तोटा. प्रश्न मराठीतही असतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट मात्र फक्त इंग्रजीत, तर्काचे प्रश्न उताऱ्यांवर आणि चुकीला पाव गुण वजा. म्हणून ‘क्लॅटमध्ये अंदाज नकोच’ असं सांगतात. हिशेब करा : चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तरी सरासरी ०.०६ गुण पदरात पडतो. एक पर्याय खात्रीने बाद केला तर ०.१७, दोन केले तर ०.३७ च्या वर.