सहदर्शन आणि कॉपीराइट कायदा : एक मागोवा

कॉपीराइट, म्हणजे कलाकृतीवरील स्वामित्वहक्क, चित्रपटाच्या बाबतीत प्रामुख्याने दोन गोष्टींवर चालतो : त्याच्या प्रती काढण्यावर आणि तो लोकांना दाखवण्यावर. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याने चित्रपट सार्वजनिकरीत्या दाखवण्याचा हक्क निर्मात्याकडे राखून ठेवला, पण ‘सार्वजनिक’ म्हणजे काय हे त्याने सांगितले नाही. त्या काळी ते सांगण्याची निकडही नव्हती, कारण रिळे, प्रोजेक्टर आणि पडदा ही सामग्री जिथे जमे ती जागा, मग ते चित्रपटगृह असो, जत्रेतला तंबू असो की गणेशोत्सवाचा मांडव, उघडपणेच सार्वजनिक असे.

ही स्पष्टता व्हिडिओने घालवली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी संच आणि व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत येऊ लागले, आणि भाड्याच्या व्हीसीआरवर शेजाऱ्यापाजाऱ्यांसह रात्रभर चित्रपट पाहण्याची रीत पडली. १९८४ च्या दुरुस्तीने शिक्षा कडक केल्या आणि व्हिडिओ कॅसेटवर हक्कधारकाचे नाव-पत्ता देणे बंधनकारक केले. म्हणजे कायद्याचा रोख नकली कॅसेटींच्या धंद्यावर होता, दिवाणखान्यात जमलेल्या मंडळींवर नव्हता.

खरी कसोटी केबलने लावली. एका खोलीतल्या व्हीसीआरवर कॅसेट लावून तारेने शेकडो घरांना चित्रपट पुरवणारे केबलचालक असा युक्तिवाद करीत की, प्रत्येक कुटुंब आपापल्या घरातच चित्रपट पाहत असल्याने हे प्रदर्शन खाजगी ठरते. १९८९ मध्ये गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी हा युक्तिवाद नाकारला. प्रेक्षक कुठे बसले आहेत यापेक्षा ते कोण आहेत, त्यांना घरगुती वर्तुळ म्हणता येते की ते जनतेचाच एक भाग आहेत, हे पाहिले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. वर्गणी भरून तारेला जोडली गेलेली, परस्परांशी संबंध नसलेली कुटुंबे त्या वर्तुळात बसत नव्हती. या निकालाने निर्मात्याचे उत्पन्न राखले आणि तरीही माणसांमधील नात्याला कायद्यात जागा ठेवली, म्हणून या साऱ्या वाटचालीतील तो सर्वांत समंजस टप्पा मानावा लागतो.

१९९४ च्या दुरुस्तीने मात्र नात्याऐवजी घरे मोजली. कलाकृती ‘लोकांपर्यंत पोहोचवणे’ या संज्ञेच्या व्याख्येला जोडलेल्या स्पष्टीकरणानुसार, उपग्रह, केबल किंवा अन्य साधनाने एकाहून अधिक घरांपर्यंत एकाच वेळी कलाकृती पोहोचवली, की ती लोकांपर्यंत पोहोचवली असे धरले जाते, आणि हॉटेलच्या व वसतिगृहाच्या निवासी खोल्याही यात मोडतात. केबलचालकाला पळवाट उरू नये यासाठी हे शब्द योग्यच होते. पण वसतिगृहाच्या दोन खोल्यांत बसून एकच चित्रपट पाहणारे दोन मित्रही त्यांच्या कक्षेत येऊ शकतील, हा विचार त्यांत दिसत नाही.

इंटरनेटवरील सहदर्शनाने, म्हणजे वेगवेगळ्या घरांतून एकाच वेळी एकत्र चित्रपट पाहण्याच्या रीतीने, नेमकी हीच उणीव उघडी पाडली. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाल्यावर दुरावलेले मित्र आणि परदेशी असलेली मुले व त्यांचे आईवडील यांना एकत्र चित्रपट पाहण्यासाठी दोन मार्ग होते. टेलिपार्टीसारख्या साधनात प्रत्येकाकडे स्वतःचे सशुल्क खाते असते आणि एकाकडून दुसऱ्याकडे केवळ चित्रपट सुरू करण्याचे वा थांबवण्याचे संकेत जातात. चित्रपट प्रत्येकाला मूळ सेवेकडूनच मिळत असल्याने येथे मित्र मित्राला काहीच पुरवत नाही आणि निर्मात्याचाही तोटा होत नाही. दुसऱ्या मार्गात एक जण आपल्या संगणकाचा पडदा व्हिडिओ कॉलवरून इतरांना दाखवतो. येथे चित्रपट खरोखरच एका घरातून अनेक घरांत जातो, आणि १९९४ चे स्पष्टीकरण शब्दशः वाचल्यास तो मित्र केबलचालकाच्याच रांगेत जाऊन बसतो. त्याच मित्रांनी एका खोलीत बसून तोच चित्रपट पाहिला असता तर कोणाचीही हरकत नसती, हे ध्यानात घेतले म्हणजे घरांच्या मोजणीतील अन्याय लक्षात येतो.

टाळेबंदीच्या आधीच, २०१२ च्या दुरुस्तीने एक दार किलकिले केले होते. न्याय्य वापराची, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या मर्यादित वापराची, सवलत तोवर साहित्य, नाट्य, संगीत व कला यांच्या कृतींपुरती होती. ती चित्रपटांनाही मिळाली आणि तीत ‘खाजगी किंवा वैयक्तिक वापर’ असे शब्द आहेत. पाच मित्रांच्या सहदर्शनाला या शब्दांत सामावून घेणे १९८९ च्या कसोटीशी सुसंगत ठरेल. वर्गणी घेऊन किंवा अनोळखी लोकांना दुवा वाटून भरवलेले खेळ मात्र या सवलतीत येऊ नयेत, विशेषतः प्रादेशिक चित्रपटांसाठी, ज्यांना चित्रपटगृहांत मिळणारे आठवडे मोजकेच असतात.

त्याच दुरुस्तीत कलम ६५अ आले. पडदा दाखवू लागताच चित्रपटाच्या जागी काळी चौकट उमटवणाऱ्या डिजिटल कुलपासारख्या उपायांना त्याने संरक्षण दिले, आणि हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप चुकवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची व दंडाची तरतूद केली. हेतूची ही अट महत्त्वाची आहे, कारण मित्रांना चित्रपट दाखवण्यात हक्कभंग होतच नसेल तर कुलूप चुकवण्यामागे तसा हेतू होता असे म्हणता येत नाही. त्यामुळे कैदेपर्यंत जाणारा हा प्रश्नही शेवटी मित्र हे घरगुती वर्तुळ आहेत की जनता, यावरच येऊन ठेपतो.