नंबर आहे, पण वस्तू गायब! जिओकॅशिंगमधले ‘ट्रॅकेबल’ हरवतात कसे? सापडला तर काय करायचं?

धनज (जि. वाशिम) : कारंजा तालुक्यातील धनजमध्ये जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला कुणाला नवीन नाही. त्यावर १२ अंकी नंबर असतो आणि त्या नंबरावर जनावराची सगळी कुंडली ऑनलाइन असते. १ जून २०२४ पासून तर राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करायलाच मनाई आहे.

पण गाय रात्री दावं तोडून निघून गेली, तर तो बिल्ला ती कुठे आहे हे सांगतो का? नाही. कुणाला ती दिसली, त्याने नंबर वाचला आणि कळवलं, तरच पत्ता लागतो.

असाच एक बिल्ला जगभर माणसांच्या हातातून फिरतो. त्याला ‘ट्रॅकेबल’ म्हणतात. नावात ट्रॅक असला तरी तो सारखा हरवतो, आणि जिओकॅशिंग खेळणाऱ्यांची ही सर्वांत जुनी तक्रार आहे. हा प्रकार नेमका काय आहे, वस्तू गायब का होतात आणि धुऱ्यावर किंवा एसटी थांब्यामागे असा बिल्ला तुम्हालाच सापडला तर काय करायचं, ते समजून घेऊ.

जिओकॅशिंग म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर मोबाइलच्या जीपीएसवर खेळायचा लपाछपीचा खेळ. एकजण हवाबंद डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. दुसरे तो शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तिथेच ठेवतात.

खेळाची सुरुवात एका सरकारी निर्णयातून झाली. अमेरिका पूर्वी सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक ठेवत असे. त्यामुळे जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकायची. मे २००० च्या सुरुवातीला तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या निर्णयाने ही चूक काढून टाकली गेली. त्यानंतर लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात एक बादली लपवून तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झाली. आज जगभरात ३० लाखांहून अधिक डबे आहेत. भारतात हा खेळ खेळणारे तुलनेने कमी आहेत.

मग ट्रॅकेबल कशाला म्हणतात?

डब्यात ठेवलेली, पण डब्यात राहण्यासाठी नसलेली वस्तू. तिने एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करायचा असतो. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत.

* ट्रॅव्हल बग : सैनिकांच्या गळ्यात असतो तसा धातूचा छोटा बिल्ला. त्याला खेळणं, किल्लीची साखळी असं काहीही जोडतात. २००१ पासून हे बिल्ले फिरत आहेत.
* जिओकॉइन : नक्षीदार धातूचं नाणं. त्यावरही कोड कोरलेला असतो.

मालक त्याला काम नेमून देतो. कुणी म्हणतो, हा समुद्र पाहून परत यावा. कुणी म्हणतो, प्रत्येक देशात याचा फोटो काढा. कुणी मुलाचं आवडतं खेळणं पाठवतो, तर कुणी घरातल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीची वस्तू. म्हणून बिल्ला गेला की नुसती किंमत जात नाही, जोडलेली गोष्टही अर्ध्यावर थांबते.

यात जीपीएस असतं का?

नाही. सगळा गैरसमज इथेच आहे. ट्रॅकेबलमध्ये बॅटरी नाही, चिप नाही, सिम नाही. आहे तो फक्त कोड. शोधणारा वस्तू उचलतो, वेबसाइटवर कोड टाकून ‘मी घेतली’ अशी नोंद करतो. पुढच्या डब्यात ठेवली की ‘इथे ठेवली’ अशी दुसरी नोंद करतो. या दोन नोंदींमधलं अंतर नकाशावर रेघ म्हणून दिसतं.

म्हणजे वेबसाइट वस्तूची जागा दाखवत नाही, शेवटची नोंद दाखवते. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच राहतं आणि जमीन प्रत्यक्षात नातू कसत असतो, तसंच हे. फेरफार झालाच नाही, तर कागद जुनंच सांगणार.

विदर्भातल्या वाचकांना टिपेश्वरचा वाघ आठवत असेल. ‘वॉकर’ म्हणून गाजलेल्या टी१सी१ या वाघाला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. तो महाराष्ट्रातले सात जिल्हे आणि तेलंगणाचा काही भाग तुडवत, ३,००० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कॉलर उपग्रहामार्फत जागा कळवत होती, म्हणून हा प्रवास टिपता आला. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली आणि नकाशावरचा ठिपका थांबला.

कॉलर असूनही खात्री नसतेच. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचा प्रसिद्ध वाघ ‘जय’ कॉलर असतानाच एप्रिल २०१६ नंतर दिसेनासा झाला. मोठा शोध घेऊनही तो सापडला नाही. सिग्नल देणारं यंत्र गळ्यात असताना हे घडतं, तर नुसत्या नंबरवर चालणारा बिल्ला किती भरवशाचा, याचा अंदाज येतो.

मग तो हरवतो कुठे?

चोरी हे एकच कारण नसतं. बहुतेक वेळा साखळीतला एखादा माणूस नोंद करायला चुकतो.

१. उचलला आणि विसरला : प्रवासात घेतलेला बिल्ला बॅगेच्या कप्प्यात राहतो, तिथून टेबलाच्या खणात जातो. त्या माणसाने खेळच सोडला, तर बिल्ला खणातच संपतो.

२. घेतला, पण कळवलं नाही : वेबसाइटवर बिल्ला डब्यातच दिसतो. दुसरा खेळाडू तेवढ्यासाठी लांबून येतो आणि डबा रिकामा निघतो. मालकाइतकाच हाही वैतागतो.

३. ठेवून घेतला : जिओकॉइन दिसायला सुरेख असतात. काहींना ते संग्रहात हवे असतात. नवख्यांना तर डब्यातली वस्तू घ्यायचीच असते असं वाटतं. कारण डब्यातल्या इतर वस्तूंसाठी नियम तोच आहे : एक घ्या, एक ठेवा. ट्रॅकेबल मात्र फक्त पुढे न्यायचा असतो.

४. डबाच गेला : पूर, रस्ता रुंदीकरण, साफसफाई, झाडतोड. डब्यासोबत आतला बिल्लाही जातो.

५. खेळ माहीत नसलेल्याला सापडला : खेळाडू अशांना ‘मगल’ म्हणतात. हा शब्द हॅरी पॉटरच्या गोष्टींतून आला. गुराख्याला, मजुराला किंवा शाळकरी पोराला चकचकीत नाणं सापडलं, तर ते खिशात जाणारच. त्यात त्याची चूक नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. खेळ फारसा माहीत नसलेल्या भागात हा धोका जास्त.

मालकाच्या हातात काय उरतं?

फार काही नाही, पण काही मार्ग आहेत.

* शेवटची नोंद करणाऱ्याला वेबसाइटवरून सौम्य भाषेत निरोप पाठवता येतो. ‘चोरला का?’ असं विचारण्यापेक्षा ‘अजून तुमच्याकडे आहे का?’ हा प्रश्न जास्त उपयोगी ठरतो. विसरलेला माणूस शरमून गप्प बसण्याऐवजी बिल्ला पुढे पाठवतो.
* बिल्ला डब्यात नसल्याची खात्री झाली, तर तो ‘हरवला’ असं नोंदवता येतं. मग त्याची जागा ‘अज्ञात’ दिसते आणि पुढच्या खेळाडूंची फेरी वाचते.
* ट्रॅव्हल बगसोबत त्याच कोडचा दुसरा बिल्ला मिळतो. मूळ हरवला, तर या जोडबिल्ल्यावर प्रवास पुन्हा सुरू करता येतो. जुने किलोमीटर जात नाहीत, कारण हिशेब वस्तूचा नसून कोडचा असतो. गुराच्या कानातला बिल्ला पडला, तर नवा मारून नोंद दुरुस्त करतात, तसंच.
* अनुभवी खेळाडू मूळ वस्तू घरीच ठेवून लॅमिनेट केलेली नक्कल पाठवतात. जिवाभावाची वस्तू असेल, तर हाच शहाणपणा.

बिल्ला घेणाऱ्यासाठीही एक साधा नियम आहे. दोन-तीन आठवड्यांत तो पुढच्या डब्यात ठेवावा. जमत नसेल, तर मालकाला कळवावं.

कोड गुप्त का ठेवायचा?

बिल्ल्यावर कोरलेला कोड म्हणजे वस्तू प्रत्यक्ष हातात आल्याचा पुरावा. ‘टीबी’ने सुरू होणारा दुसरा क्रमांक सगळ्यांना दिसतो, कोरलेला कोड मात्र दिसत नाही. त्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर घरबसल्या कुणीही ‘मी पाहिला’ अशी खोटी नोंद करू शकतो. वस्तू धनजमध्ये आणि नोंद दुसऱ्याच खंडात, असा घोळ होतो. खरा माग अशाच नोंदींखाली गाडला जातो.

न हरवणारा एक बिल्ला

नासाची पर्सिव्हरन्स गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरली. तिच्या ‘शेरलॉक’ उपकरणाची तपासणी करण्यासाठी जी पट्टी आहे, तिच्यावर एक ट्रॅकेबल कोड छापलेला आहे. गाडीने पाठवलेल्या फोटोंतून तो वाचता येतो. त्याला खिशात घालायला तिथे कुणी नाही. पृथ्वीवरच्या बिल्ल्यांचं नशीब मात्र सापडणाऱ्याच्या हातात असतं.

तुम्हाला असा बिल्ला सापडला तर?

* बेवारस डबा दिसला तर आधी सावध राहा. रेल्वे स्थानक, धरण, सरकारी कार्यालय किंवा गर्दीच्या जागी अनोळखी डबा असेल, तर हात न लावता ११२ वर कळवा. अशा संवेदनशील जागी डबे ठेवायला खेळाच्या नियमांतही मनाई आहे.
* सुटा बिल्ला किंवा नाणं असेल आणि त्यावर अक्षर-अंकांचा छोटा कोड, सोबत जिओकॅशिंगचं नाव किंवा ‘ट्रॅक करा’ अशी सूचना असेल, तर तो ट्रॅकेबल आहे. तो फेकू नका, वितळवू नका.
* वेबसाइटवर मोफत खातं उघडून कोड टाका आणि कुठे सापडला ते लिहा. इंग्रजी येत नसेल, तर गावातल्या कॉलेजच्या मुलाला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.
* पुढच्या डब्यापर्यंत नेणं शक्य नसेल, तर तसं मालकाला लिहा. वस्तू तुमच्याकडे सुखरूप आहे एवढं कळलं, तरी त्याच्यासाठी ती सापडलेली असते.
* पक्ष्याच्या पायातली रिंग असेल, तर गोष्ट वेगळी. ती संशोधनाची असते. तिच्यावरचा नंबर, तारीख आणि जागा ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’ला किंवा वन विभागाला कळवा. पक्षी जिवंत असेल, तर रिंग काढू नका.

बिल्ला असो, रिंग असो की गाईच्या कानातला पिवळा टॅग, नंबर स्वतःहून काहीच सांगत नाही. ज्याला तो दिसला त्याने कळवलं, तरच माग लागतो.