सिकलसेलचा रिपोर्ट आणि आपल्या घरातली लग्नं

नालवाडीतल्या आपल्या वस्तीत आम्ही घरोघरी फिरतो तेव्हा "घरात कुणाला सिकलसेल आहे का?" या प्रश्नाला पहिलं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येतं. मग चहा होतो, दहावीच्या निकालाच्या गप्पा होतात, आणि निघताना फाटकापर्यंत सोडायला आलेली काकू आवाज खाली करून म्हणते, "लहान्याले हाय थोडासा. पण मोठीचं लग्न जमून राहिलं ना, म्हणून बोललो नाही."

या "थोडासा" शब्दावर आम्हाला आता थांबावं लागतं. थोडासा म्हणजे काय? मुलगा वाहक आहे की रुग्ण? बऱ्याच घरांत हे माहीत नसतं. शाळेत कधीतरी रक्त तपासलं, कागद आला, तो पेटीत गेला. कागदावर काय लिहिलं होतं ते कुणी समजावून सांगितलं नाही, आणि विचारायची लाज वाटली. त्या कागदाचा अर्थ काय, आणि तो लपवल्याने आपल्याच मुलामुलींचं काय होतं, हे कार्यकर्त्यांना नीट समजलेलं असावं म्हणून हा लेख.

रक्ताच्या तांबड्या पेशी गोल, लवचिक असतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं. आई आणि वडील या दोघांकडून हिमोग्लोबिनचं एकेक जनुक आपल्याला मिळतं. त्यात एक छोटासा बदल झालेला असला तर तयार होणाऱ्या हिमोग्लोबिनला 'एस' म्हणतात. दोन्हीकडून साधं जनुक आलं तर 'एए', एकीकडून बदललेलं आलं तर 'एएस', दोन्हीकडून आलं तर 'एसएस'. एएस म्हणजे वाहक. वाहक हा आजारी नसतो. त्याला औषध लागत नाही, तो शेतात राबू शकतो, पोलीस भरतीसाठी धावू शकतो (भर उन्हात पाणी न पिता धावू नये, पण ते तर सगळ्यांनाच लागू आहे). एसएस म्हणजे रुग्ण. त्याच्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि लवकर फुटतात. साधी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळे, आणि रक्त जिथे अडकेल तिथे असह्य कळा.

वाहक आणि रुग्ण यांतला हा फरक कळला नाही की पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो. त्यात भर म्हणजे गावात शिबिरात होणारी पहिली चाचणी, जिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात, ती फक्त एवढंच सांगते की रक्तात 'एस' आहे. एएस की एसएस हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी करावी लागते. पहिली चाचणी 'पॉझिटिव्ह' आली आणि दुसरी झालीच नाही, अशी मुलं आम्हाला भेटतात. घर त्यांना आयुष्यभर आजारी समजतं, किंवा खरोखर आजारी असलेल्याला "काही होत नाही" म्हणून कापूस वेचायला पाठवतं.

आपल्यातच का?

हा प्रश्न तरुण विचारतातच, आणि तो दडपू नये. जगात या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद १९१० सालची, शिकागोची. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात डॉ. जेम्स हेरिक यांना या विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हे जनुक आढळलं. आणि १९५८ मध्ये, म्हणजे दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेला दोन वर्षं होत असताना, नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. त्यात पूर्वाश्रमीच्या महार समाजातलं वाहकांचं मोठं प्रमाण समोर आलं. त्यानंतरच्या अनेक पाहण्यांतही विदर्भातल्या आपल्या समाजात शंभरात दहाहून जास्त वाहक सापडत आले आहेत.

याचं कारण रक्त 'हलकं' असणं नव्हे. जिथे हिवतापाचा कहर होता तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकाला गंभीर हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून अँथनी अ‍ॅलिसन यांनी हे दाखवलं. आफ्रिका, सौदी अरेबिया, ग्रीस, सिसिली, आणि आपल्याकडे गोंड, परधान, भिल्ल, कोरकू अशा कितीतरी समाजांत ते आहे. विदर्भातल्या तेली, कुणबी समाजांतही कमी प्रमाणात आढळतं. म्हणून "हा महारांचा आजार" असं कुणी म्हटलं तर ते विज्ञान नाही, जुनीच जात नव्या शब्दात आहे.

जनुक आलं हिवतापामुळे, पण एकाच समाजात कोंडून राहिलं ते जातीमुळे. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात जातीचं मूळ लक्षण म्हणून अंतर्विवाहावर बोट ठेवलं होतं. पिढ्यानपिढ्या त्याच गोटात लग्नं होत राहिली की दोन वाहक एकमेकांसमोर येण्याची शक्यता वाढते. त्यात आपल्याकडे मामाच्या नाहीतर आत्याच्या घरी मुलगी देण्याची हौस. एकाच आजोबांचं जनुक दोन्ही बाजूंनी येतं. समाजशास्त्राच्या वर्गात अंतर्विवाह हा शब्द आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. तो रक्ताच्या रिपोर्टात दिसतो हे वस्तीत फिरल्यावर समजलं.

लग्नाचं गणित

वाहक आणि साधं, म्हणजे एएस आणि एए, यांनी लग्न केलं तर कोणतंही मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. निम्म्या शक्यतेने वाहक होईल, इतकंच. रुग्ण आणि साधं यांची सगळी मुलं वाहक होतील, रुग्ण नाही. अडचण आहे ती वाहक आणि वाहक या जोडीत. तिथे प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्ण मूल होण्याची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण साध्याची. लोक समजतात की एक मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नाही. फासा दर वेळी नव्याने पडतो. जोडीदार थॅलसेमियाचा वाहक असला तरीही आजारी मूल होऊ शकतं, म्हणून एचपीएलसीच्या रिपोर्टात तेही पाहून घ्यावं.

तेव्हा वाहक मुलीने किंवा मुलाने लग्नच करू नये, असं यात कुठेही नाही. जोडीदार वाहक नसला की झालं. आणि दोघंही वाहक असूनही लग्न करायचं ठरवलं, तर तोही त्यांचा हक्क आहे. गरोदरपणात तिसऱ्या महिन्याच्या आसपास मोठ्या केंद्रात गर्भाची तपासणी होऊ शकते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, सासूचा नाही.

पण प्रत्यक्षात काय होतं? परिचय मेळाव्यात बायोडाटा फिरतात, त्यात उंची, रंग, पगार, स्वतःचं घर, सगळं असतं. सिकलसेलचा रकाना नसतो, किंवा असला तर कोरा. मुलाचा रिपोर्ट कुणी मागत नाही. मुलीचा मागितला जातो, आणि ती वाहक निघाली की "मुलीत दोष आहे" म्हणून सोयरीक मोडते. मुलगा स्वतः वाहक नसेल तर तिच्याशी लग्न करण्यात काहीच धोका नव्हता, हे कुणी सांगत नाही. लग्नानंतर आजारी मूल झालं तरी बोल आईलाच. एसएस मूल दोघांकडून एकेक जनुक आल्याशिवाय होतच नाही, ही साधी गोष्ट आम्ही पाटीवर काढून दाखवतो तेव्हा बायका शांत होतात आणि पुरुष उठून बाहेर जातात. सगळे नाही, पण जातात.

म्हणून नुसत्या "तपासणी करा" या घोषणेवर आमचा विश्वास कमी झाला आहे. ग्रीसमधल्या ओर्कोमेनोस या गावाची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. तिथे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात संपूर्ण गावाची सिकलसेल तपासणी झाली, कोण वाहक ते कळलं, सल्लाही दिला गेला. परिणाम असा झाला की वाहकांनाच कलंक लागला आणि लोक लग्न जमवताना रिपोर्ट लपवू लागले. अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ च्या सुमारास आपल्या मोफत दवाखान्यांतून काळ्या वस्त्यांमध्ये सिकलसेलची तपासणी सुरू केली. ज्यांच्यावरून आपल्या दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतलं, तेच हे. त्यांचं म्हणणं होतं की सरकार या आजाराकडे पाहत नाही कारण तो काळ्यांना होतो. दबाव वाढला, १९७२ मध्ये कायदाही झाला. पण काही राज्यांनी घाईने सक्तीचे नियम केले, वाहक आणि रुग्ण यांची गल्लत झाली, आणि वाहक तरुणांना तिथल्या हवाई दलाच्या अकादमीत १९८१ पर्यंत प्रवेश नाकारला जात होता.

याच्या उलट सायप्रस. तिथे थॅलसेमिया होता. समाजात आधी समजूत रुजली, आणि १९८०च्या दशकात तिथल्या चर्चनेच लग्नाआधी तपासणीचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. प्रमाणपत्रावर फक्त तपासणी आणि सल्ला झाल्याची नोंद, लग्नाला बंदी नाही. आजारी मुलांचे जन्म जवळपास थांबले. मंगल परिणय लावणाऱ्या आपल्या बौद्धाचार्यांना हे करता येणार नाही का? "दोघांनी तपासून घेतलं का?" एवढंच विचारायचं. निकाल काय आला हे विचारायचं नाही.

वर्ध्याला हा कलंकाचा धडा नवा नाही. १९३२ च्या सुमारास विनोबा नालवाडीत राहायला आले, आणि त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये जवळच दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. तेव्हा रोगी घरात कोंडले जात किंवा बाहेर हाकलले जात. पुढे १९५१ मध्ये वर्ध्यातच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता घरोघरी जाऊन पाहणी, शिक्षण आणि उपचार एकत्र करायचे, ही डॉ. वार्देकर यांची पद्धत नंतर देशाने उचलली. गांधीवाद्यांशी आपले मतभेद आहेत आणि राहतील, पण आधी समजावणं आणि मग तपासणं हे त्यांच्याकडून घ्यायला हरकत नसावी.

घरात रुग्ण असेल तर

सहा महिन्यांपर्यंत बाळाला बहुधा काही दिसत नाही. नंतर हातापायाची बोटं सुजतात, बाळ रडतं. घरचे "वात आहे" म्हणतात, तेलाने रगडतात, कुणी अजूनही "बाहेरचं" म्हणून मांत्रिकाकडे नेतं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरांतही हे होतं, कारण रात्री दोन वाजता लेकरू कळवळत असताना माणूस काहीही करतो. त्या रात्री काय करायचं हे आधी माहीत असलं पाहिजे. भरपूर पाणी, अंगाला ऊब (बर्फ कधीच नाही), डॉक्टरांनी लिहून दिलेलं वेदनाशामक, आणि कळ थांबत नसेल तर दवाखाना. ताप, छातीत दुखून दम लागणं, एक बाजू लुळी पडणं, पोटात डावीकडे प्लीहा वाढून मूल एकदम पांढरं पडणं, यात सकाळची वाट पाहायची नाही.

लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस, रोज फॉलिक अ‍ॅसिड, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास हायड्रॉक्सियुरिया. हायड्रॉक्सियुरियाने कळांचे झटके कमी होतात, पण रक्त तपासत राहावं लागतं आणि दोन महिने बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नसते. रक्त कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या सुरू करायची आपली सवय आहे. सिकलसेलमध्ये रक्त लोहाच्या कमतरतेमुळे कमी झालेलं असेलच असं नाही, आणि वरचेवर रक्त चढवलेल्या रुग्णाला जादा लोह घातक ठरतं. म्हणून डॉक्टरांना आधी विचारावं. गरोदर बाईने मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नये. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पाण्याची बाटली हेच पहिलं औषध. मुलाला वर्गात पाणी प्यायला आणि वारंवार लघवीला जाऊ द्यावं, हे शिक्षकांना जाऊन सांगावं लागतं. आम्ही सांगतो, बहुतेक शिक्षक ऐकतात.

सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र काढून घ्यावं. परीक्षेत जादा वेळ, एसटीत सवलत, उच्च शिक्षणात राखीव जागा यांसाठी ते लागतं. पण त्याच कायद्यातल्या सरकारी नोकऱ्यांच्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. हाडं झिजलेला, महिन्यातून आठ दिवस अंथरुणावर असलेला पदवीधर तरुण दिव्यांग आहे, पण नोकरीच्या यादीत नाही. ज्या संघटना निवेदनं देतात त्यांनी हा मुद्दा धरावा. नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण अभिनंदनाचे फलक लावले. त्यांच्या कामातलं न संपलेलं काम हेच आहे.

१ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचं उद्दिष्ट. अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे, तो हवाच. पण बौद्ध वस्त्या त्यातून निसटणार नाहीत हे ग्रामपंचायतीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आपल्यालाच पाहावं लागेल.

बोरोबुदूरच्या देशात, इंडोनेशियात, थॅलसेमियाचा प्रश्न मोठा आहे, आणि तिथे गावोगावी 'पोस्यांदू' नावाची व्यवस्था १९८०च्या दशकापासून चालते. महिन्यातून एकदा कुणाच्या ओसरीवर नाहीतर गावच्या सभागृहात गावातल्याच स्वयंसेविका बाळांची वजनं करतात, लसीकरण आणि गरोदर बायकांची विचारपूस होते. इमारत नाही, ठरलेला दिवस आहे. आपल्याकडे तर पौर्णिमा ठरलेली आहे आणि विहारही आहे.

नालवाडीत आम्ही तेच धरून चाललो आहोत. पौर्णिमेच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटं पाटी आणि खडू. एएस, एसएस, चार चौकोन. पहिल्या वेळी फक्त समजावायचं, रक्त घ्यायचं नाही. पुढच्या वेळी आशाताई आणि आरोग्य केंद्राचे तंत्रज्ञ येतील अशी व्यवस्था करायची, आणि पहिल्या चाचणीत 'पॉझिटिव्ह' आलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या चाचणीसाठी सोबत घेऊन जायचं, नुसती चिठ्ठी द्यायची नाही. सुरुवात लग्न ठरायच्या आधीच्या वयापासून, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलामुलींपासून, आणि मुलांची रांग आधी. रिपोर्ट आला की तो ज्याचा त्याच्या हातात, बंद पाकिटात. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नाही, विहाराच्या फलकावर नाही, अध्यक्षांच्या टेबलावरही नाही.